पाणी बदललं की माशाची नजर कशी बदलते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: निकाराग्वातल्या गढूळ सरोवरांतले मासे काही हजार वर्षांपूर्वी जवळच्या स्वच्छ ज्वालामुखी तळ्यांत पोहोचले आणि तेवढ्या अवधीत त्यांची रंगदृष्टी बदलली, असं वाचनात आलं. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव इतक्या लवकर कसा बदलतो? त्यासाठी नवी जनुकं येतात कुठून? आणि आपल्या खाडीतल्या माशांत असं काही घडलंय का?

माशांचं दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुख्य गोष्ट आधीच सांगते. बहुतेक वेळा डोळा नव्याने घडत नाही. माशाकडे आधीपासून असलेल्या रंगद्रव्यांपैकी कोणती वापरायची, किती आणि कोणत्या वयात, हे आधी बदलतं. जनुकाची अक्षरं, म्हणजे त्याचा डीएनए-क्रम, बदलतात ती बहुधा त्यानंतर, आणि तीही मोजक्या जागी. आपण मात्र उत्क्रांती म्हटलं की थेट उत्परिवर्तनापासून विचार सुरू करतो, म्हणून वेळेचा हिशेब जुळत नाही.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी. निखळ समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो. जसं खोल जावं तसा ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा पट्टा तेवढा उरतो. गोड्या पाण्यात चित्र जवळजवळ उलटं असतं. गाळ, शेवाळ आणि कुजलेल्या पाल्यातून सुटणारी द्रव्यं अतिनील आणि निळा प्रकाश आधी खातात, आणि खाली हिरवा-पिवळा, कधी नुसता तांबूस उजेड पोहोचतो. पावसाळ्यात वाशिष्ठी लाल होऊन वाहते तेव्हा तिच्या पाण्यात निळा प्रकाश फार खाली जाणं शक्यच नसतं. त्यामुळे समुद्रातून नदीत किंवा गढूळातून स्वच्छ पाण्यात शिरणारा मासा नुसती जागा बदलत नाही, त्याच्या डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा रंगच बदलतो. भक्ष्य, शत्रू, जोडीदार, सगळं ओळखायचं ते या नव्या उजेडात.

आता डोळा. दृष्टिपटलात मंद प्रकाशासाठी दंडपेशी असतात आणि रंग ओळखण्यासाठी शंकुपेशी. दोन्हींतलं रंगद्रव्य दोन भागांचं बनलेलं असतं: ऑप्सिन नावाचं प्रथिन, आणि त्यात बसलेला, अ जीवनसत्त्वापासून तयार झालेला एक छोटा रेणू. प्रकाशकण रेणूवर आदळतो, रेणूचा आकार बदलतो आणि तिथून संदेश निघतो. कोणत्या रंगाला प्रतिसाद द्यायचा हे दोन्ही भाग मिळून ठरवतात, आणि म्हणूनच बदलायलाही दोन जागा मिळतात.

शंकुपेशींच्या ऑप्सिनची चार घराणी आहेत: अतिनील-जांभळं, निळं, हिरवं आणि तांबडं. ही घराणी पृष्ठवंशीयांइतकीच जुनी आहेत. आपल्या सस्तन पूर्वजांनी, बहुधा रात्रीच्या आयुष्यात, त्यांतली निम्मी गमावली. माशांनी ती नुसती टिकवली नाहीत, तर अनेक घराण्यांत जनुकांच्या जादा प्रती साठवल्या. सिक्लिड कुळातल्या माशाकडे शंकुपेशींसाठी सात ऑप्सिन जनुकं असतात. मात्र एका वेळी साधारण तीनच प्रामुख्याने वापरात असतात. बाकीची गप्प राहतात, पण शाबूत असतात. पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

सगळ्यात जलद बदल त्या छोट्या रेणूत होतो, आणि तो नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो. मासा काही वेळ पूर्ण अंधारात ठेवायचा. मग मंद तांबड्या दिव्याखाली डोळा उघडून भिंग काढायचं, दृष्टिपटल कडेने अलगद सोडवून क्षारद्रावणात घ्यायचं आणि पांढऱ्या उजेडात आणायचं. समुद्री माशाचं दृष्टिपटल त्या क्षणी गुलाबी दिसतं, तळ्यातल्या कार्पसारख्या माशाचं जांभळट. आपण पाहत असतानाच रंग उडत जातो, आधी पिवळसर होतो आणि मग फिकट. पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते, हे उडणं म्हणजेच पाहणं आहे.

गुलाबी आणि जांभळ्यातला हा फरक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आला होता. जॉर्ज वाल्ड यांनी १९३० च्या दशकात त्याचं कारण शोधलं. समुद्री माशांत हा रेणू अ-१ जीवनसत्त्वापासून बनतो, गोड्या पाण्यातल्या पुष्कळ माशांत अ-२ पासून. दोघांत फरक एका दुहेरी बंधाचा, पण त्याने ऑप्सिन तेच असूनही संवेदनशीलता तांबड्याकडे सरकते. सोनमाशाची तांबडी शंकुपेशी ६२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रतिसाद देते, आपली ५६० च्या जवळपास, हा फरक मुख्यतः अ-२ मुळे. हे रूपांतर करणारं विकर सीवायपी२७सी१ आहे, हे २०१५ मध्ये कळलं. समुद्रातून नदीत चढणारा सामन मासा आयुष्यातच ही अदलाबदल करतो.

मग सगळे मासे कायम अ-२ का वापरत नाहीत? कारण त्याची किंमत आहे. जितकं रंगद्रव्य तांबड्याकडे झुकलेलं, तितकं ते प्रकाश नसतानाही नुसत्या उष्णतेने आपोआप उत्तेजित होण्याची शक्यता जास्त. अंधुक पाण्यात असे खोटे संदेश खऱ्या संदेशांना झाकून टाकतात. जिथे तांबडा प्रकाशच पोहोचत नाही तिथे अ-२ म्हणजे निव्वळ तोटा.

युरोपीय ईल तर आणखी एक पाऊल पुढे जातो. नदीत वर्षानुवर्षं वाढलेला ईल सारगासो समुद्राकडे निघण्याआधी बदलू लागतो: अंग रुपेरी होतं, डोळे मोठे होतात, अ-२ कमी होऊन अ-१ वाढतं, आणि दंडपेशी गोड्या पाण्यातलं ऑप्सिन बनवणं थांबवून खोल समुद्राचं, निळ्याला संवेदनशील असं दुसरंच ऑप्सिन बनवायला लागतात. दोन्ही जनुकं त्याच्याकडे जन्मापासून असतात.

आता निकाराग्वा. तिथली दोन मोठी सरोवरं, निकाराग्वा आणि मानाग्वा, उथळ आहेत. वाऱ्याने तळाचा गाळ ढवळला जातो आणि पाणी गढूळच राहतं. आसपास जुन्या ज्वालामुखींच्या मुखांत साठलेली अपोयो, शिलोआ अशी तळी आहेत. ती खोल आणि स्वच्छ आहेत, आणि नदीने कशालाही जोडलेली नाहीत. मोठ्या सरोवरांतले मिडास सिक्लिड मासे तिथे पोहोचले त्याला पाच हजारांपेक्षा कमी वर्षं झाली असावीत, असा जनुकीय अंदाज आहे. जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठात अॅक्सेल मायर यांच्या गटाने या माशांची नजर तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन्ही तळ्यांत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माशांची नजर निळ्याकडे सरकली होती. ऑप्सिन प्रथिनांची रचना बदलल्याने हे झालं नव्हतं. कोणती जनुकं किती चालू आहेत यात फरक होता, आणि अ-१ व अ-२ च्या प्रमाणातही.

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पिलांचा आहे. सिक्लिडच्या दृष्टिपटलाचा सपाट तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की शंकुपेशींची आखीव जाळी दिसते: मध्ये एक एकेरी शंकू आणि त्याच्या चार बाजूंना चार जोडशंकू, अशा चौकटींच्या रांगा. एकेरी शंकूंत अतिनील ते निळ्यापर्यंतचं ऑप्सिन असतं, जोडशंकूंत हिरवं-तांबडं. पण कोणत्या चौकटीत नेमकं कोणतं ऑप्सिन, हे वयानुसार बदलतं. मिडास सिक्लिडचं पिलू लघुलहरींची, म्हणजे जांभळ्या-निळ्या बाजूची ऑप्सिन्स घेऊन सुरुवात करतं आणि वाढता वाढता तांबड्या बाजूला जातं. संक्रमणाच्या काळात एकाच पेशीत दोन ऑप्सिन्स एकत्रही सापडतात. गढूळ सरोवरातल्या माशांत हा प्रवास लवकर पुरा होतो, अपोयोच्या माशांत तो रेंगाळतो. स्वच्छ निळ्या पाण्यातल्या माशाने नवं काही कमावलं नाही, पिलाच्या डोळ्याची तजवीजच जास्त काळ चालू ठेवली.

वेगवेगळ्या रंगांच्या दिव्यांखाली वाढवलेल्या पिलांत हे वेळापत्रक काही प्रमाणात पुढेमागे होतं, म्हणजे लवचीकपणा खरा आहे. पण तळ्यातल्या आणि सरोवरातल्या माशांची पिलं प्रयोगशाळेत सारख्याच परिस्थितीत वाढवली तरी सगळा फरक मिटत नाही, तेव्हा वारशाने येणारा भागही आहे. मला वाटतं क्रम असा असावा: नव्या पाण्यात आलेल्या पहिल्या पिढ्या लवचीकपणावर तगल्या, आणि नंतर निवडीने ते वेळापत्रकच त्या दिशेला बसवून दिलं. नियंत्रणाच्या एखाद्या कळीत फरक पडायला पाच हजार वर्षं पुरतात. नवं ऑप्सिन शून्यातून घडायला ती कधीच पुरली नसती.

याचा अर्थ जनुकाची अक्षरं बदलत नाहीत असा नाही. त्याचं माझ्या दृष्टीने सर्वोत्तम उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हैदा ग्वाई बेटांवरचं आहे. शेवटचं हिमयुग ओसरल्यावर तिथल्या तळ्यांत समुद्रातला स्टिकलबॅक शिरला. हा बोटाएवढा, पाठीवर तीन काटे असलेला मासा. काही तळी स्वच्छ, तर काहींचं पाणी दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींमुळे कोऱ्या चहासारखं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ स्वच्छ आणि १२ काळ्या पाण्याच्या तळ्यांतल्या माशांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, तपासले गेले. काळ्या पाण्यात निळ्या ऑप्सिनच्या जनुकाची एक विशिष्ट आवृत्ती निवडली गेली होती. तिच्यात सात अमिनो आम्लं बदललेली, आणि त्यांतली दोन तर रंगसंवेदन तांबड्याकडे सरकवण्यासाठी आधीपासून ठाऊक असलेली.

एवढ्यावर कुणी म्हणेल, हा योगायोगही असू शकतो. पण काळ्या पाण्यातले मासे एका मासेरहित स्वच्छ तळ्यात सोडून १९ वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा हीच आवृत्ती तिथे मागे पडत असल्याचं दिसलं. एका माणसाच्या नोकरीच्या काळात मोजता येईल इतकी वेगवान निवड! याहून मोठी गोष्ट पुढे आहे. निळ्या ऑप्सिनचं जनुक काटेरी परांच्या माशांच्या पूर्वजात जवळपास २० कोटी वर्षांपूर्वी दुप्पट झालं होतं, आणि त्या दोन प्रतींपैकी एकीत नेमके हेच तांबड्याकडे नेणारे बदल तेव्हा झाले होते. फ्लोरिडातला ब्लूफिन किलिफिश आजही दोन्ही प्रती बाळगून आहे आणि पाणी पाहून त्यांचा वापर कमीजास्त करतो. स्टिकलबॅकच्या वंशाने एक प्रत हरवली. दोन्हींत निवड करायची सोय उरली नाही, तेव्हा उरलेल्या एकाच जनुकात तेच बदल पुन्हा घडले. जादा प्रती असतील तर वापर बदलतो, नसतील तर अक्षरं बदलावी लागतात. दोन माशांनी एकाच अडचणीवर वेगळे मार्ग का काढले, हे समजायला त्यांच्याकडे आधी काय शिल्लक होतं ते पाहावं लागतं.

हेरिंगचं उदाहरणही असंच नेमकं आहे. अटलांटिकमधला हेरिंग मासा बाल्टिक समुद्रात स्थिरावला. तो मचूळ पाण्याचा तरुण समुद्र आहे, आणि नद्यांनी आणलेल्या सेंद्रिय द्रव्यांमुळे तिथला उजेड तांबूस. तिथल्या हेरिंगच्या दंडपेशींच्या ऑप्सिनमध्ये २६१ व्या जागी फेनिलॲलनिनऐवजी टायरोसीन आलं, आणि संवेदनशीलता सुमारे १० नॅनोमीटर तांबड्याकडे सरकली. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे मांडलं तेव्हा इतर माशांतही शोध घेतला. गोड्या आणि मचूळ पाण्यात राहणाऱ्या माशांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जातींत त्याच जागी तोच बदल सापडला, वेगवेगळ्या वंशांत पुन्हा पुन्हा घडलेला.

पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचा उल्लेख यात टाळता येणार नाही. सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी ते कोरडं पडलं होतं. पुन्हा भरल्यावर तिथे सिक्लिडच्या शेकडो जाती निर्माण झाल्या. त्यांतल्या पुंडामिलिया प्रजातीत उथळ पाण्यातले नर निळे, जरा खोलवरचे नर तांबडे. खाली तांबूस उजेड उरतो, आणि तिथल्या माशांच्या तांबड्या ऑप्सिनची आवृत्ती ५५९ नॅनोमीटरची, तर वरच्यांची ५४४ ची. ओले झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा की नजर खोलीप्रमाणे जुळत गेली, माद्यांना सहज दिसणारा रंग आवडत गेला, आणि एका जातीच्या दोन झाल्या. यातला नजरेचा भाग मला भक्कम वाटतो. नंतरच्या प्रयोगात उथळ किंवा खोल पाण्यासारख्या उजेडात वाढवलेले मासे आपापल्या उजेडात जास्त तगले, हेही त्याला पूरक आहे. आवडीचा दुवा मात्र मी जास्त सावधपणे मांडेन, कारण मादीची निवड एका ऑप्सिनवर ठरत नाही. पण एक निरीक्षण अस्वस्थ करणारं आहे. सरोवराच्या ज्या भागांत पाणी फार गढूळ आहे तिथे निळ्या-तांबड्याचा हा भेद पुसट होतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात. शेतीतून आणि वस्त्यांतून येणाऱ्या पोषकद्रव्यांनी तिथलं पाणी गढूळ होत चाललंय, हे याच संशोधकाने १९९७ मध्येच बजावलं होतं. जाळं न टाकता, विष न टाकताही एखादी जात संपू शकते.

खोल समुद्राबद्दल इथे एवढंच, की बहुतेक माशांकडे दंडपेशींचं ऑप्सिन एकच असतं, पण सिल्व्हर स्पायनीफिन नावाच्या खोल पाण्यातल्या माशाच्या जीनोममध्ये अशी ३८ जनुकं सापडली. गुहांतल्या आंधळ्या माशांचा विषय वेगळा आहे, तिथे डोळा जुळवून घेत नाही, विझतो.

आता आपल्याकडचा प्रश्न. समुद्रातून नदीत गेलेल्या वंशांचं एक उदाहरण मराठी खवय्यांच्या ओळखीच्या कुळातलं आहे. घोळ, ढोमा ज्या कुळातले, त्याच कुळातले काही मासे कोट्यवधी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत समुद्रातून आत शिरले आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात कायमचे गोड्या पाण्यातले झाले. २०१५ मध्ये त्यांच्या दंडपेशींच्या ऑप्सिनचा अभ्यास झाला तेव्हा नदीत शिरलेल्या शाखेत नैसर्गिक निवडीच्या स्पष्ट खुणा दिसल्या. समुद्रात राहिलेल्या नातलगांत तशा नव्हत्या. चमचमीत ढोमा खाताना ॲमेझॉन आठवावा इतकं हे नातं खरं आहे.

खाडीत याहून धाडसी मासा आहे: निवटी. तिने पाणी बदललं नाही, पाण्याबाहेरच वावर सुरू केला. पाण्यात माशाचं पारपटल, म्हणजे डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, प्रकाश वळवण्याच्या कामी येत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ पाणीच असतं. सगळा भार गोल भिंगावर. हवेत तेच पारपटल प्रकाश जोराने वळवू लागतं आणि साधा मासा हवेत जवळच्यापलीकडे काही नीट पाहू शकत नाही. निवटीच्या वंशात डोळे डोक्यावर आले, भिंग आणि पारपटल हवेतल्या नजरेला साजेसे झाले. २०१४ मध्ये या गटातल्या चार जातींचे जीनोम वाचले गेले, तेव्हा अतिनील प्रकाशाचं शंकू-ऑप्सिन त्यांच्यात सापडलं नाही. निवटी डोळे मिचकावते, हे ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभं राहिलेल्या कुणीही पाहिलं असेल. तिला अश्रुग्रंथी नाहीत. ती डोळा खाली कातडीच्या खोबणीत ओढते आणि तिथल्या ओलाव्याने तो ओला करून घेते.

खाडीतल्या माशांवर प्रकल्प करायचा विचार असेल तर सर्वांत आधी पाण्यातला प्रकाश मोजा. भरती-ओहोटीत, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, वेगवेगळ्या खोलीवर कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती पोहोचतो, ही माहिती नसेल तर जनुकांच्या आकड्यांना अर्थ लावता येत नाही. मासे पकडल्या ठिकाणीच डोळे जतन करा. टाकीत आणून आठवडाभर ठेवले तर तुम्ही खाडी न मोजता टाकीवरचा दिवा मोजाल. नमुने रोज एकाच वेळी घ्या, कारण ऑप्सिन जनुकं किती चालू आहेत ते दिवसाच्या वेळेनुसार वरखाली होतं. आणि पिलांपासून प्रौढांपर्यंत प्रत्येक आकाराचे मासे घ्या. काळुंदर हा त्यासाठी चांगला उमेदवार आहे: तो सिक्लिड कुळातला आहे, कोकण-गोव्याच्या खाड्यांत आणि गोड्या पाण्यातही मिळतो, आणि एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे मासे घेऊन तुलना करता येते.